आमची पोरं आळशी म्हणून फुटबॉल खेळत नाहीत? ही कोणती गोष्ट!

काळी माती

काल "कॉर्नर किक" यांची पोस्ट वाचली. "फुटबॉल गरिबाचा खेळ. एक बॉल आणला की बावीस पोरं खेळतात. ब्राझीलच्या झोपडपट्टीत जमतं ते विदर्भातल्या खेड्यात जमत नाही, कारण आपली पोरं आळशी. पळायला नको, बॅट धरून उभं राहायला पाहिजे." खाली अंगठ्यांची रांग. डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

आळशी? पहाटे साडेचारला आमच्या दारव्हा रोडनं चक्कर मारा. पोलीस भरतीची पोरं डांबरावर १६०० मीटर मारत असतात, अर्ध्यांचे बूट अंगठ्याजवळ फाटलेले. तीच पोरं नऊ वाजता पाठीवर फवारणीचा पंप घेऊन कपाशीत उतरतात. त्यांना ९० मिनिटं पळायचा कंटाळा येईल होय?

कोणता खेळ कुठं रुजला हे तो कोणी आणला, केव्हा आणला आणि तिथल्या कोणी उचलला यावर ठरलं. उरुग्वेचा पेन्यारोल क्लब घ्या. १८९१ साली त्याचं नाव होतं सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब. हो, क्रिकेट! इटलीचा जेनोआ १८९३ चा, मिलान १८९९ चा, दोघांच्याही जुन्या नावात क्रिकेट आहे. इंग्रजांनी दोन्ही खेळ एकाच पेटीतून नेले. तिकडं रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी बॉल उचलला, तो पोरांपर्यंत गेला आणि क्रिकेट मागं पडलं.

आता आपली शकुंतला रेल्वे. मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर. तीही इंग्रज कंपनीचीच रेल्वे. पण ती आली कापूस न्यायला. दारव्ह्याच्या फलाटावर गाठी चढल्या, बॉल काही उतरला नाही, कारण बॉल घेऊन राहणारी माणसंच इथं वस्तीला आली नाहीत. जिथं आली तिथं बघा. नागपूरजवळच्या कामठीला १८२१ पासून लष्कराची छावणी, तिथं आजही फुटबॉल आहे. कलकत्त्यात गोऱ्या पलटणी होत्या, म्हणून १९११ मध्ये मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, तीही बहुतेक अनवाणी खेळून. मुंबईत क्रिकेट पारशांनी उचललं, मग राजेरजवाड्यांनी. आमच्या गावात कोणी काय आणलं ते सांगा, मग पोरांना नावं ठेवा.

कॉर्नर किक

"आळशी" शब्द मागं घेतो. भरतीच्या पोरांचा विचार केला नव्हता. पण तुमचा इतिहास मला अर्धाच पटतो. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज उतरला नाही म्हणून आजही हात जोडून बसायचं का?

आइसलँडची वस्ती चार लाखांच्या आसपास. हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा. त्यांनी २००० नंतर छताखाली पूर्ण मापाची मैदानं बांधली, अगदी लहान पोरांनाही शिकलेले कोच दिले. २०१६ च्या युरोत इंग्लंडला २-१ नं घरी पाठवलं, २०१८ ला वर्ल्डकपमध्ये पोचले. २०२६ च्या वर्ल्डकपला क्युरासाव हे कॅरिबियन बेट पात्र ठरलं, वस्ती दीड लाख! आपला यवतमाळ जिल्हा २०११ च्या जनगणनेत २७ लाखांच्या वर आहे. उरुग्वेच ३४ लाखांचा, आणि त्यांनी १९३० आणि १९५० असे दोन वर्ल्डकप जिंकलेत. माणसं कमी नाहीत, मनावर घेणारं कोणी नाही.

वऱ्हाडी पोट्टा

भाऊ, आइसलँडचा पैसा पाहा ना आंधी. आमच्याकडं मोटर चालवाले रातची लाईन भेटते आन् तुमी छताखालचं मैदान सांगून रायले!

मले सांगा, फुटबॉल खेयाले दहा-बारा जन तरी लागते. क्रिकेटले दोन पोट्टे आन् एक भित पुरते. अंगनात खेया, बोयीत खेया, भितीले लागला का आउट. आन् सपन कोनाचं दिसते तेबी पाहा. उमेश यादव, वलनीच्या कोयसा खानीतल्या कामगाराचा पोरगा, २०११ ले भारताकडून कसोटी खेयला. विदर्भानं रणजी तीनदा जिकली, २०१७-१८, २०१८-१९ आन् २०२४-२५. आमच्या पोट्ट्यायले मालूम हाय का जामठ्याच्या स्टेडियमची वाट आपल्यासाठीबी हाय. फुटबॉलची वाट कुठी जाते, सांगा?

तरी २०२२ ची फायनल म्या पायली. हरभऱ्याले पानी देत होतो, धुऱ्यावर बसून मोबाईलवर. फ्रान्सनं तिसरा गोल केला आन् तिकडं बांध फुटला. मी काई उठलो नाई. सकायी बाबानं शिव्या देल्या, पन तो खेळ भारी होता, मान्य हाय.

पीटी सर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २८ वर्षं खेळ शिकवला. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून एक फुटबॉल आणला. कोणीही मागितला नव्हता, मला हौस होती.

मैदान काळ्या मातीचं. जुलैमध्ये पोरांनी दहा मिनिटं खेळलं की बॉलवर मातीचा थर चढायचा, दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. चामड्याचा बॉल पाणी प्यायचा, डोक्यानं मारला की मान दुखायची. एप्रिलमध्ये त्याच मैदानाला मूठ जाईल एवढ्या भेगा; एका पोराचा पाय भेगेत गेला आणि घोटा मोडला, त्याच्या बापानं मला शाळेच्या दारात उभं करून विचारलं. उरतात दिवाळी ते होळी एवढेच महिने. त्यात बाभळीचे काटे. ब्लॅडर पंक्चर झालं की सायकलवाल्याकडं जायचं, तो टायरचंच सोल्युशन लावून द्यायचा. तरी आम्ही खेळलो. एक साल तालुक्याला दुसरे आलो.

खेळ का गेला ते मी सांगतो. मैदान गेलं म्हणून गेला. रस्त्याकडच्या बाजूला दुकानांचे गाळे निघाले. उरलेल्या भागात ऑक्टोबर लागला की सोयाबीन. त्यानंतर लग्नाचे मांडव. हे कोणाला दिसत नाही? शाळेचं मैदान म्हणजे गावाचं खळं झालं!

पाच एकर

सर, तुमचा मान ठेवून लिहितो, पण सोयाबीनवर बोट ठेवलं म्हणून बोलतोच. काढणीच्या तोंडावर पाऊस येतो. माल घरात ठेवला तर बुरशी. बाजारात १२ टक्क्यांच्या वर ओल निघाली की कटती. हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४८९२ रुपये होता, माझ्या हातात किती आला ते विचारू नका. कडक, सपाट, गुरं न येणारी जागा गावात एकच, शाळेचं मैदान. माझ्याकडं सिमेंटचं खळं असतं तर मी कशाला ताडपत्री घेऊन तुमच्या दारात आलो असतो?

तुमच्या बॉलसाठी माझं वर्षाचं पीक सडवू का?

पीटी सर

तुमचं पीक पंधरा दिवसांत वाळतं. ताडपत्री तीन महिने पडून राहते, तिच्यावर ट्रॅक्टर उभा राहतो. मी पोरांना घेऊन गेलो तेव्हा "सर, दाण्यावर पाय पडला तर भरपाई द्याल का" असं मला तोंडावर विचारलं गेलंय. माझ्याच विद्यार्थ्यानं. त्या दिवशी जे लागलं ते अजून लागतं. आणि गाळ्यांचं काय? गाळे तर सोयाबीननं बांधले नाहीत.

पाच एकर

गाळ्यांचं मलाही पटलं नव्हतं. ग्रामसभेत विरोधात हात वर करणारे आम्ही चौघंच होतो. तुम्ही त्या दिवशी होता का, सर?

पीटी सर

नव्हतो. निवडणुकीच्या कामावर होतो. पण नंतर विचारायला हवं होतं, तेही केलं नाही.

आखाडा

मैदानावर भांडता ते बरोबर, पण फुटबॉलसाठी कशाला? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं १९३६ ला बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आली. आपल्याकडं कबड्डी आहे, कुस्ती आहे, बैलांचा शंकरपट आहे. आयर्लंडनं काय केलं बघा. १८८४ ला आपल्या खेळांची संघटना काढली, तिच्या सभासदांना परके खेळ खेळायला १९७१ पर्यंत बंदी ठेवली. आजही तिथं गावोगावच्या क्लबाचं स्वतःचं मैदान आहे, क्लबाच्या मालकीचं. जगाच्या मागं पळायची गरज त्यांना वाटली नाही. अमेरिकेतही तेच. १८७४ ला हार्वर्डची पोरं कॅनडाच्या मॅकगिलशी रग्बीसारखा खेळ खेळली, तीच वाट पुढं कॉलेजांनी धरली, त्यातून त्यांचा वेगळा अमेरिकन फुटबॉल झाला आणि हा फुटबॉल मागं राहिला. त्यांचं काय बिघडलं?

लेकीची आई

सगळ्या दादांनी लिहिलं, सगळ्यांच्या मैदानात पोरंच आहेत. मी त्याच प्रकारच्या शाळेत शिकले. साडेचारला सुट्टी झाली की मैदान मुलांचं, आम्ही भिंतीकडेनं घरी. खो-खो खेळायचो तोही पीटीच्या तासाला. मला पळता येत होतं. सर, तुमच्या त्या फुटबॉलला कधी एका तरी मुलीनं पाय लावला का?

अमेरिकेत पुरुषांचा फुटबॉल मागं राहिला म्हणता, बायकांनी मात्र चार वर्ल्डकप जिंकलेत, १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९. १९७२ च्या कायद्यानं शाळा-कॉलेजांना मुलींशी भेदभाव करता येईना, खेळातसुद्धा. बाकीच्या देशांत हा बाप्यांचा खेळ होता, अमेरिकेत मुलींनी मोकळी जागा पाहून धरला. नागपुरात २००१ पासून विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर चालवलं, तिथंही मुली खेळतात. म्हणजे जागा मिळाली की खेळ येतो. माझी लेक आठवीत आहे. तिला मागच्या महिन्यात एका शेजारणीनं विचारलं, "हाफ पॅन्ट घालून खेळशील का गावात?" मीच उत्तर दिलं, घालेल.

पीटी सर

ताई, नाही. एकाही मुलीला दिला नाही बॉल. सुचलंच नाही, आणि हे कारण पुरेसं नाही हे मला कळतं.

काळी माती

मी इतिहास घेऊन आलो होतो, इथं बोलणं मैदानावर गेलं. ताईंचं ऐकून माझ्या पहिल्या पोस्टमधलं एक दुरुस्त करतो. "कोणी आणला" एवढंच मी धरलं होतं, "कोणाला खेळू दिलं" हे सुटलं. बाकी माझं म्हणणं कायम. पाकिस्तानातल्या सियालकोटात वर्ल्डकपचे बॉल बनवले गेले, पाकिस्तान एकदाही वर्ल्डकप खेळलेला नाही. बॉल असून भागत नाही, स्वस्त असूनही नाही. आखाडा भाऊ, आयर्लंडचं उदाहरण चांगलं दिलं, पण त्यात खरी गोष्ट जमिनीची आहे. सातबारा कोणाच्या नावावर, खेळ त्याचा.

आखाडा

जमिनीचं मान्य. कबड्डीचं सोडत नाही.

कॉर्नर किक

माझी मूळ पोस्ट काढून टाकत नाही, पण वर लिहितो की "आळशी" चूक होतं. सर, गोलपोस्ट आहेत का अजून?

पीटी सर

लोखंडाचे होते, भंगारात गेले. बल्ल्या रोवाव्या लागतील. आडवी बल्ली नाही मिळाली तर दोरी.

पाच एकर

माझं सोयाबीन दिवाळीच्या आठवड्यात उचललं जाईल, ताडपत्रीसकट. ट्रॅक्टरही मी काढतो, दुसऱ्यांना सांगायचं काम तुमचं. बल्ल्या चार देतो, निंबाच्या. पण तारीख ठरवताना मला विचारा, मागच्यासारखं दाण्यात पोरं सोडायची नाहीत.

लेकीची आई

आणि आठवड्यातले तीन दिवस मुलींचे. कोणते, ते आत्ताच इथं लिहा.

वऱ्हाडी पोट्टा

सोमवार, बुधवार, शुक्रवार घ्या ताई. इतवार नोका मांगू, इतवारी आमची मॅच रायते. आन् सर, बल्ली रोवतानी आमची पिच उकरू नोका, दोन साल लागले तिले दाबाले.