मदत हवी आहे: एआय एजंटांच्या खर्चाला लगाम नेमका कुठे घालायचा?

फुटकी_बादली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका मोठ्या कंपनीच्या प्लॅटफॉर्म टीममध्ये आहे. क्लाउडच्या खर्चाचा हिशोब गेली तीन वर्षं माझ्या गळ्यात आहे. सर्व्हर, डेटाबेस, स्टोरेज हे सगळं अंगवळणी पडलं होतं. टॅग (कुठलं मशीन कुणाचं हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या) लावायचे, महिना संपला की ज्याचा त्याला आकडा दाखवायचा, नुसती पडून असलेली मशीन बंद करायची. एजंट, म्हणजे एआय मॉडेलच्या जोरावर स्वतःच पायरीपायरीनं काम करणारे प्रोग्राम, आले आणि ही घडी पार विस्कटली.

झालं असं. एका टीमनं रात्री फेल झालेल्या टेस्ट आपोआप दुरुस्त करणारा एजंट बसवला. लॉग वाचायचे, कोड बदलायचा, नवं एन्व्हायर्नमेंट (टेस्ट चालवायला लागणारी तात्पुरती मशीन) उभं करायचं, टेस्ट पुन्हा चालवायची, एवढंच काम. एका शुक्रवारी संध्याकाळी बाहेरच्या एका सर्व्हिसच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. आता कोडमध्ये काहीही केलं तरी टेस्ट पास होणार नव्हती. एजंट बिचारा सोमवार सकाळपर्यंत कोड बदलत राहिला. दर खेपेला नवं एन्व्हायर्नमेंट. ते पाडायचं कधी, तर टेस्ट पास झाल्यावर! सोमवारी चहाचा कप हातात घेऊन डॅशबोर्ड उघडला, तर ४१२ एन्व्हायर्नमेंट उभी.

बजेट अलर्ट होता का? होता की. शनिवारी दुपारी गेलाही. ज्याच्या मेलवर गेला तो माणूस दुसऱ्या विभागात जाऊन सहा महिने झाले होते.

खरी डोकेदुखी त्यानंतरची. मॉडेल वापरायची 'की' (पासवर्डसारखी किल्ली) एकच, ती अकरा टीम वापरतात, बिलात ओळ एकच. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. फायनान्स म्हणतं सगळे एजंट बंद करा. सिक्युरिटीला प्रत्येक एजंटासाठी मंजुरी समिती हवी आहे. आणि टीमचे लोक दबक्या आवाजात सांगतात, समिती आली तर आम्ही आमच्या खिशातल्या कार्डावर चालवू. हे तिसरं मला सर्वांत भीतिदायक वाटतं.

तर ज्यांनी हे निस्तरलंय त्यांना विचारतो: मर्यादा टीमवर घालायची, एजंटावर, की एकेका रनवर (एजंटाच्या एका खेपेवर)? आणि ती पाळायला लावणार कोण? 'टीमना जागरूक करा' हा सल्ला कृपया नको, त्याच्या स्लाइड आमच्याकडे भरपूर आहेत.

---

दिवेलागण

बजेट अलर्टच्या भरवशावर राहू नका, ते वरातीमागून घोडं आहे. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) बजेटमधले आकडे दिवसातून फार तर तीनदा ताजे होतात. म्हणजे तुम्ही बघता तो खर्च कित्येक तास शिळा असतो. शिवाय बजेट ओलांडलं म्हणून आपोआप काही थांबत नाही, तुम्ही वेगळी ॲक्शन जोडली असेल तरच. गूगल क्लाउडवरही तीच गत. नावात 'बजेट' असल्यामुळे वरच्या लोकांना वाटतं की ती मर्यादा आहे. ती नुसती घंटा आहे.

सर्व्हरच्या बाबतीत ही दिरंगाई खपून जायची. विसरलेलं मशीन तासाला ठरावीकच पैसे खातं. एजंट मात्र खाता खाता वाढतो.

---

जुना_पंप

वरच्या 'वाढतो'चा हिशोब मांडून दाखवतो, कारण आमच्याकडे हा आकडा बघूनच लोक गप्प झाले.

मॉडेलला मागचं काही आठवत नसतं. प्रत्येक पायरीला आधीचं सगळं संभाषण पुन्हा पाठवावं लागतं. समजा एका पायरीला २,००० टोकनची (मजकुराचे छोटे तुकडे, बिल त्यांच्यावर लागतं) भर पडते. ४० पायऱ्यांत नवा मजकूर झाला ८०,००० टोकन. मोजले किती जातात? पहिल्यांदा २,०००, मग ४,०००, मग ६,०००... बेरीज १६,४०,०००. नव्या मजकुराच्या साडेवीस पट. पायऱ्या दुप्पट केल्या की खर्च जवळपास चौपट.

यावर कॅशिंगचा उतारा आहे. तोच आरंभीचा मजकूर पुन्हा आला तर तेवढा भाग बराच स्वस्तात मोजला जातो. पण तो अक्षर न अक्षर तोच लागतो. आमच्या एका एजंटाच्या सिस्टिम प्रॉम्प्टची (दर कॉलच्या सुरुवातीला मॉडेलला जाणाऱ्या सूचनांची) पहिलीच ओळ होती 'आत्ताची वेळ' आणि तीही सेकंदासकट. दर कॉलला पहिली ओळ वेगळी, त्यामुळे कॅश कधी लागलीच नाही. ती ओळ तळाशी नेली, बस्स. दोन महिने आम्ही मोठ्या मॉडेलच्या नावानं खडे फोडत होतो.

रिट्रायही (फेल झालेला कॉल आपोआप पुन्हा करणं) बघून घ्या. लायब्ररी तीनदा, तिच्या वरचा फ्रेमवर्क तीनदा, त्याच्या वरचा जॉब तीनदा प्रयत्न करत असेल, तर एका फेल कॉलचे २७ कॉल होतात. आणि प्रत्येकाला वाटतं आपण फक्त तीनदाच केला.

---

कडी_कोयंडा

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मर्यादा रनवर घाला, आणि पैसे जायच्या आधी जिथून कॉल जातो तिथे घाला.

आमच्याकडे मॉडेलची की कुठल्याच टीमच्या हातात नाही. मध्ये एक गेटवे बसवला आहे, सगळे कॉल त्यातून. एजंटानं स्वतःची ओळख आणि रनचा नंबर दिल्याशिवाय गेटवे पुढे सोडत नाही. प्रत्येक रनला पायऱ्या, टोकन आणि वेळ यांची कमाल मर्यादा. यातली एक संपली की रन थांबतो आणि मालकाला मेसेज जातो. मालक म्हणजे माणूस, टीमचा ग्रुप मेल नाही. तो कंपनी किंवा विभाग सोडून गेला की एजंटाची परवानगीही त्याच दिवशी गोठते. तुमच्या अलर्टचं जे झालं ते यानं टळलं असतं.

पण एक विचारतो. तुमच्या किश्शात टोकनवर किती गेले आणि मशीनवर किती? माझा अंदाज आहे, टोकनचा भाग लहान असेल. तसं असेल तर नुसता गेटवे पुरणार नाही. एन्व्हायर्नमेंट उभं करतानाच त्याच्यावर मुदतीचा टॅग हवा. टॅग नसेल तर ते उभंच राहू नये, आणि मुदत संपली की वेगळ्या जॉबनं पाडावं. पाडायचं काम एजंटाकडे ठेवू नका. लिहून देतो, तो विसरतो.

---

फुटकी_बादली (धागाकर्ता)

कडी_कोयंडा, अंदाज बरोबर. टोकन जेमतेम एक चतुर्थांश. बाकी मशीन आणि लॉग. प्रत्येक प्रॉम्प्ट पूर्णच्या पूर्ण लॉगमध्ये जात होता आणि लॉग कधी पुसायचे हे कुणी ठरवलंच नव्हतं. म्हणजे जुना_पंप यांचे ते साडेवीस पट टोकन आम्ही वर जपूनही ठेवत होतो.

---

नावात_काय

एक वेगळा मुद्दा. फक्त खर्च मोजलात तर फायनान्स प्रत्येक वेळी जिंकणार. 'एका दुरुस्त झालेल्या टेस्टमागे किती' असा आकडा काढा. आमचा सर्वांत महाग एजंट या हिशोबात सर्वांत स्वस्त निघाला आणि एक स्वस्त एजंट बंद करावा लागला. त्याची दहातली नऊ कामं माणसं पुन्हा करत होती.

समितीबद्दल: जो एजंट फक्त वाचतो त्याला समिती नको, नोंद पुरे. जो काही उभं करतो, पुसतो किंवा बाहेर पाठवतो त्यालाच लावा. नाहीतर कार्डांचा सुळसुळाट नक्की.

---

फुटकी_बादली (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांची खबर देतो.

गेटवे आधी नुसता बघ्या म्हणून बसवला, काही अडवत नव्हता. अकरा टीमच्या जागी चौदा जण की वापरताना सापडले. तेरांचे मालक मिळाले. चौदावा रोज पहाटे तीनला चाळीसेक मिनिटं चालतो, कुणीच ओळख देत नाही. तोडू का? मागे एकदा असंच काहीतरी तोडलं होतं आणि महागात पडलं होतं.

---

कडी_कोयंडा

कायमचा तोडू नका. एक रात्र अडवून ठेवा आणि सकाळी कोण बोंब मारतो ते बघा. त्या सकाळी तुम्ही जागेवर हजर राहा म्हणजे झालं.

---

फुटकी_बादली (धागाकर्ता)

अडवला. सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी फोन आला, फायनान्सचा. त्यांचा रोजचा खर्च अहवाल तोच बनवत होता.

मालक म्हणून कुणाचं नाव घालायचं यावर त्यांची मीटिंग चालू आहे.