मदत हवी आहे: बडोद्यावरच्या मध्यांबरात सौरचक्राचा परिणाम वेगळा कसा काढावा?

नमस्कार मंडळी. मध्यांबर म्हणजे सुमारे ५० ते ८५ किमी उंचीवरचा वातावरणाचा थर; त्याच्या तापमानावर सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राचा परिणाम शोधायचा आहे. टाइम्ड उपग्रहावरच्या सेबर या उपकरणाची २००२ पासूनची तापमानं घेतली आहेत. १७ ते २७ उत्तर अक्षांश, उंची ३० ते १०० किमी. सेबरला दिवसाचे सगळे स्थानिक तास गाठायला सुमारे ६० दिवस लागतात. महिन्याची सरासरी घेतली की वातावरणातल्या भरती-ओहोटीच्या लहरी तिच्यात घुसतात, ८० किमीच्या वर तर फारच. म्हणून ६० दिवसांची सरासरी. मग वार्षिक व अर्धवार्षिक आवर्तनं, क्यूबीओ (विषुववृत्तावरच्या उंच वाऱ्यांची सुमारे २८ महिन्यांची उलटापालट), एल निनो, सरळ कल आणि १०.७ सेंमी रेडिओ प्रवाह (सूर्याच्या सक्रियतेचं माप) असं एकत्र समाश्रयण (रिग्रेशन).

गाडी अडते ती इथे. २०१९ला थांबलं तर २३व्या चक्राचा उतार आणि कमजोर २४वं चक्र एवढंच हाती राहतं. सौर गुणक कार्बन डायऑक्साइडमुळे येणाऱ्या थंडाव्यात मिसळतो. २०२४पर्यंत गेलं तर २५वं चक्र मिळतं, पण जानेवारी २०२२च्या हुंगा टोंगा ज्वालामुखीच्या उद्रेकाची वाफ नेमकी त्याच चढावर येते.

अशा वेळी उद्रेकानंतरची वर्षं गाळावीत, की वाफेचं स्वतंत्र पद घालावं? आणि प्रवाह मोजलेला घ्यावा की सूर्य-पृथ्वी अंतरासाठी दुरुस्त केलेला? मोजलेल्यात जवळपास ७ टक्क्यांचा वार्षिक चढउतार असतो, तो ऋतुचक्रात मिसळेल असं वाटतं. हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.