मदत हवी आहे: मुगाच्या कोशिंबिरीला डब्यात पाणी सुटतं, आणि मोडांना वास येतो

नमस्कार मंडळी. पुण्यात एकटा राहतो. स्वयंपाक 'येतो' म्हणण्याइतपत येतो. आठवड्यातून तीन दिवस डब्यात मोडाच्या मुगाची कोशिंबीर नेतो, पण ती काही जमेना.

रात्री अर्धी वाटी मूग भिजत घालतो, सकाळी उपसून पंचात घट्ट बांधतो आणि झाकणाच्या डब्यात ठेवतो. एप्रिल-मेमध्ये झकास मोड यायचे. पाऊस सुरू झाल्यापासून मूग बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो. बरे निघालेच तर त्यात काकडी, टोमॅटो, कांदा, किसलेलं गाजर, मीठ, लिंबू. साडेसातला डबा भरतो, एक वाजता उघडतो तेव्हा मूग पोहत असतात. परवा तर एक गणंग दाढेखाली आला, शेजारच्या टेबलावर आवाज गेला.

आई फोनवर म्हणते, वाफवून घे. जिममधला मित्र म्हणतो, वाफवलंस की सत्त्व गेलं. कोणाचं ऐकू?

प्रतिसाद:
पाण्याचा दोष मिठाचा, तुमचा नाही. चिरलेल्या भाजीला मीठ लागलं की ती पाणी सोडणारच. मीठ-लिंबू वेगळ्या डबीत न्या, जेवताना कालवा. काकडी चोचवून, हाताने घट्ट पिळून घ्या (ते पाणी कणकेत घाला, फुकट घालवू नका). टोमॅटोचा गर काढा, नाहीतर टोमॅटो सोडाच, त्याजागी कोबी किंवा कैरी. आणि दाण्याचं कूट घाला, उरलेलं पाणी ते पितं. वर हिंग-मोहरीची फोडणी दिलीत तर चाट मसाला आठवणारही नाही.

कांदा मात्र सकाळी चिरून नेऊ नका. एकपर्यंत अख्ख्या ऑफिसला कळतं.

प्रतिसाद:
पावसाळ्यात फडकं घट्ट बांधून वर झाकण म्हणजे मूग कोंडून मारणं. भिजायला सात-आठ तास पुष्कळ. नंतर चाळणीत उपसा, पूर्ण निथळू द्या, वर नुसतं ओलसर फडकं. सकाळ-संध्याकाळ धुऊन पुन्हा निथळा. मोड दिसले की लगेच फ्रीजमध्ये, शेपट्या लांब होईस्तोवर वाट बघू नका. बुळबुळीत झालेले धुऊन वापरायचे नाहीत, सरळ टाकायचे. गणंग भिजल्यावर निवडा: फुगत नाहीत, बारीक राहतात, बोटाला लगेच कळतात.

प्रतिसाद:
आईचं ऐका. मोडांना लागते तीच ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. ते बियांसोबतच आलेले असू शकतात, मग वरून कितीही धुतलं तरी सगळे जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली. आधी सगळा आळ बिचाऱ्या स्पेनच्या काकडीवर, शेवटी धागा मेथीच्या मोडांपर्यंत पोचला. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना तर कच्चे मोड देऊच नयेत. पाच मिनिटं दणकून वाफ द्या, ताटात पसरून पूर्ण गार करा, मगच भाजीत मिसळा. गरम घातलेत तर पुन्हा पाणी. मित्राला सांगा, वाफेने क जीवनसत्त्व थोडं जातं, ते लिंबू भरून काढतं.

आणि उत्साहाच्या भरात राजम्याला मोड आणून कच्चा खाऊ नका. तो नीट उकळूनच खायचा.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. आज वाफवलेले मूग, पिळलेली काकडी, कोबी, कूट आणि फोडणी. मीठ-लिंबू वेगळं नेलं. एक वाजता डबा कोरडा! फक्त दोन घास मला मिळाले, बाकी शेजारच्या टेबलाने संपवली. आता अर्ध्या वाटीऐवजी किती मूग भिजवू?