हॅलोविनसाठी एकच मोठ्ठी कुकी, मधे कच्ची राहतेय, सल्ला हवा (नाशिक)

गंगापूररोडवाली
मंडळी मदत करा. ३१ ऑक्टोबरला सोसायटीत पोरांची हॅलोविन पार्टी आहे, १५-१६ पोरं, आणि मी कुठल्या जोशात होते माहीत नाही पण ग्रुपवर "कुकी माझ्याकडे" टाकून मोकळी झाले. आता सोळा कुकी एकेक करून सजवत बसायचा पेशन्स नाही म्हणून म्हटलं पिझ्झाएवढी एकच करू आणि वर कोळ्याचं जाळं काढू. काल ट्रायल घेतली, १८० वर २० मिनिटं. कडा पार काळ्या आणि मधे शिरा. नवरा म्हणे भीती दाखवायचाच सण आहे ना, मग झालं की. ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) १९ लिटरचा आहे, अंडं चालणार नाही. काय चुकलं?

चकली_बिघडली
टिन केवढा होता? आणि काळा का चंदेरी?

गंगापूररोडवाली
पिझ्झाचा काळा ट्रे, कसाबसा तिरका करून बसवला 🙈

ओटीजीवाली_मावशी
अगं मग तिथेच घोळ झाला. १९ लिटरमधे ९ इंचाच्या वर जायचंच नाही, ट्रे भिंतीला टेकला की गरम हवा फिरायला जागा राहत नाही आणि कडा रॉडच्या जवळ जातात, त्यात काळा पत्रा उष्णता जास्त ओढतो, म्हणजे कडांनी दोन्हीकडून मार खाल्ला. चंदेरी ॲल्युमिनियमचा ९ इंची केकटिन घे, तापमान १६० ते १६५, वेळ २५ मिनिटांच्या आसपास, दोन्ही रॉड चालू, मधली जाळी. प्रीहीट १० मिनिटं न चुकता.

माझं प्रमाण देते, ९ इंचाच्या एका कुकीला. मैदा १८० ग्रॅम, बटर ११५ ग्रॅम (मऊ, वितळलेलं नाही, आणि मीठवालं असेल तर वेगळं मीठ घालू नको), ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, दूध ३ मोठे चमचे, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला, चोकोचिप्स वाटीभर. बटर आणि साखर हलकं होईपर्यंत फेट, दूध, मग मैदा, आणि मैदा गेल्यावर फेटणं बंद, नुसतं कालव, नाहीतर कुकी चिवट होते. अर्धा तास फ्रीजमधे. टिनमधे थापताना मधे थोडी पातळ ठेव आणि कडेला जाड, आपण थालीपीठाला मधे भोक पाडतो ना तसाच हिशोब, मधलं लवकर शिजायला पाहिजे. खाली बटरपेपर गोल कापून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधे बोट लावल्यावर जरा मऊ लागतंय तेव्हाच बाहेर काढ. गरम टिनमधे ती अजून १०-१५ मिनिटं शिजत राहते. पूर्ण कडक व्हायची वाट बघितलीस तर गार झाल्यावर विटेसारखी होईल, आणि गरम असताना उचललीस तर तुकडे. मी दोन्ही करून बसलेय.

पंचवटी_एक्सप्रेस
हे हॅलोविन आपल्याकडे कधीपासून आलं भो? सर्वपित्रीला गुपचूप जेवायचं ते सोडून. आमच्याकडे डांगराचे घारगे करतात, डांगराला डोळे काढत नाहीत.

चकली_बिघडली
दादा आयर्लंडमधे पण आधी डांगर नव्हतंच, ते लोक सलगम कोरून आत दिवा ठेवायचे, अमेरिकेत गेल्यावर डांगर सापडलं. त्यामुळे तुम्ही घारगे पाठवा, चालतील 😄

पंचवटी_एक्सप्रेस
बरं. पण काढायचंच असेल तर ते पट्ट्या गुंडाळलेलं मडं काढण्यापेक्षा हडळ काढा, उलटे पाय असले की पोरांना लगेच कळतं.

सिडको_बेकर
एकच मोठी पाहिजे असेल तर गल्लीतल्या बेकरीत विचारा ना. दिवाळीत नानकटाईचं पीठ नेऊन आपण भाजून आणतोच की. फक्त पाव निघाल्या निघाल्या देऊ नका, तेव्हा भट्टी फार तापलेली असते, जरा उतरल्यावर बिस्किटं घालतात तेव्हा द्या. आमच्याकडच्यांनी १४ इंची ट्रे भाजून दिला होता, मी समोर उभा होतो म्हणून वाचला नाहीतर गप्पांत करपला असता.

ओव्हन नसलेल्यांसाठी पण लिहून ठेवतो, जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून झाकण लावून १० मिनिटं तापवा, मग मंद आचेवर अर्धा तास. वरून रंग येत नाही पण वर चॉकलेट येणारच आहे, कोण बघतंय.

गंगापूररोडवाली
दोन ९ इंची करते मग, बेकरीत उभं राहणं माझ्याच्याने होणार नाही. आता जाळ्याचं सांगा. काल पांढऱ्या चॉकलेटमधे केशरी रंग टाकला तर त्याचा गोळाच झाला, दगड.

ओटीजीवाली_मावशी
पाण्यातला रंग टाकलास ना? चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही, लगेच घट्ट येतं. तेलातला रंग किंवा पावडर घे. आणि कंपाऊंड चॉकलेटच आण, त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती फॅट असतं त्यामुळे टेम्परिंगची, म्हणजे ठराविक तापमानाला गरम-गार करत बसायची, भानगड नाही, वितळवलं ओतलं की सेट. मेन रोडला केकसामानाच्या दुकानात विचार, मी तिथूनच आणते. काळ्या रंगाच्या मागे अजिबात लागू नको, जिभा काळ्या होतात आणि चव कडवट, डार्क कंपाऊंड पुरेसं काळं दिसतं.

जाळं असं. कुकी पूर्ण गार, म्हणजे रात्री भाजून सकाळी सजव. डार्क वितळवून वर पातळ पसर, ते ओलं असतानाच पांढऱ्याची गोल गोल वर्तुळं काढ (दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून कोन कर, पण पिशवी आधी कोरडी पुसून) आणि टूथपिकने मधून बाहेर आठ रेघा ओढ. झालं जाळं. पांढरं आधीच वितळवून हाताशी ठेव, डार्क पसरल्यावर वितळवायला गेलीस तर तोवर खालचं सुकेल.

चकली_बिघडली
कोळी म्हणजे एक चॉकलेटी जेम्स आणि आठ पाय कोनने. जास्त काही करू नका, एकच गोष्ट काढा. मी एकदा जाळं भूत वटवाघूळ सगळं घातलं होतं, लांबून रांगोळी पुसल्यासारखं दिसत होतं.

गंगापूररोडवाली
ट्रायल दोन झाली! १६५ वर २६ मिनिटं, मधे छान शिजली. जाळं एका बाजूला ओघळलं, पण कोळी त्याच बाजूला बसवला. कापताना मात्र चॉकलेट तडकलं.

ओटीजीवाली_मावशी
सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग काप. प्रत्येक कापाला परत.

गंगापूररोडवाली
ओके. दुसरीवर हडळ काढतेय, पाय उलटे काढायचे म्हणजे नेमके कसे, टाचा पुढे ना?

पंचवटी_एक्सप्रेस
हो, टाचा पुढे. केस मोकळे ठेवा.