मदत हवी आहे : आबांचा 'पूर्वी स्टार' (1971 च्या पूर्व आघाडीसाठीचं लष्करी पदक), हक्काचा की नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यातले. आमचे आबा (माझे सासरे) मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 1971 च्या लढाईत त्रिपुराच्या बाजूला, पण पुढच्या फळीत नव्हे, मागे दारूगोळ्याच्या साठ्यावर.

पावसात ट्रंक उघडली तेव्हा मेडलांच्या सगळ्या फितींना बुरशी. पुसता पुसता लक्षात आलं की संग्राम मेडल (1971 च्या युद्धकाळातल्या सेवेचं) आहे, 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असणाऱ्यांना मिळालेलं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडलही आहे, पण पूर्वी स्टार नाही. त्यांच्याच तुकडीतले शेजारच्या वाडीतले काका मात्र तो स्टार लावून 26 जानेवारीला झेंड्याला येतात. आबांच्या डिस्चार्ज बुकात फक्त संग्रामची नोंद आहे.

एका कार्यालयात विचारलं, तर "आता काय करायचंय त्याचं" असं ऐकून परत आलो. चुलतदीर म्हणतात, बाजारातून आणून लावू. आबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. "विकतचं लावीन तर मेलेलं बरं."

कुणाला नक्की माहीत आहे का, पूर्वी स्टारसाठी प्रत्यक्ष लढाईत असावं लागतं, की त्या भागात नेमणूक पुरते? अर्ज मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला थेट करायचा की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत? नेमणुकीचा पुरावा म्हणून काय जोडलंत? कुणी असं उशिरा मिळवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आबा 77 वर्षांचे आहेत.