स्वप्नं असलेली पोरंच काम चोख करतात

मोठ्या पगाराच्या स्वप्नांमुळे पोरांचं हातातल्या कामात लक्ष नसतं, असं म्हणतात. मला अजिबात पटत नाही. रत्नागिरीत आंबा कॅनिंगमध्ये मी शिफ्ट सांभाळतो. एप्रिल-मेमध्ये दिवसभर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, मोजायचं: रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या मोजायच्या उपकरणाच्या काचेवर, आकडा वहीत, काच पुसायची, पुन्हा तेच. १६ आला म्हणजे १०० ग्रॅममागे साधारण १६ ग्रॅम साखर. एवढं सांगितल्यावर एका पोराचे डोळे चमकले. त्याला पुढे लॅबमध्येच जायचंय. आता वहीत खाडाखोड नाही, आकडा घसरला की धावत येऊन सांगतो. दुसरा तितकाच हुशार, पण हंगाम संपला की पुढे काय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याचं लक्ष उडालं तर दोष आमचा.