मदत हवी आहे: आर्किटेक्टच्या शिक्क्याचा नियमाप्रमाणे नमुना (अर्जंट)

जुळेसोलापूरकर:
आर्किटेक्टच्या शिक्क्यावर कायद्याने नेमकं काय काय लागतं? गोल हवा की चौकोनी? कोणाकडे अधिकृत नमुना असेल तर फोटो टाका. नकाशे परत आलेत, शेरा एवढाच, 'शिक्का नियमाप्रमाणे नाही'. नवी पेठेतला शिक्केवाला म्हणतो मजकूर द्या, लगेच करून देतो. मजकूरच तर पाहिजे! क्लायंटचं गृहकर्ज अडकलंय, रोज फोन करतोय. गूगल करा असं सांगू नका, केलंय.

निवृत्त_अभियंता:
गोलच लागतो. व्यास 5 सेंटिमीटर, कडेने नाव आणि कार्यक्षेत्र. नियमातच आहे. हल्लीची मुलं नियम वाचत नाहीत.

स्वाती_होटगीरोड:
काका, तो नोटरीचा शिक्का. 1956 च्या नोटरी नियमांतला. आर्किटेक्टसाठी 1972 चा वास्तुविशारद अधिनियम आहे आणि त्यात शिक्क्याचा आकार, माप, शाईचा रंग यातलं काहीही ठरवून दिलेलं नाही. त्यामुळे 'अधिकृत नमुना' शोधत बसू नका, तो नाहीच. नाव, 'आर्किटेक्ट' आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक (सीए, वर्ष, क्रमांक या क्रमाने) स्पष्ट वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही.
तुमच्या शिक्क्यावर आत्ता काय लिहिलंय? काम कसलं? नकाशे कुठे दिले होते?

जुळेसोलापूरकर:
सगळं आहे हो मॅडम. नाव, नंबर, फर्म, पत्ता. साधा बंगला आहे.

पूर्वभागकर:
नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल. फी वेळेत भरली नाही की नाव रजिस्टरमधून निघू शकतं, मग शिक्का सोन्याचा करा नाहीतर रबराचा. आधी ते तपासा.

जुळेसोलापूरकर:
भरलंय. पुढचं सांगा.

डिजिटल_राजू:
शिक्का मारतंय कोण आता? बांधकाम परवानगी ऑनलाइन झाली. क्लास 3 चं डिजिटल सही प्रमाणपत्र घ्या, यूएसबी टोकन येतं, पीडीएफवर सही झाली की विषय संपला. आयटी कायदा 2000, कलम 5, इलेक्ट्रॉनिक सहीला पूर्ण मान्यता. आणि महारेराचा (राज्याचं गृहप्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) फॉर्म 1 सुद्धा आर्किटेक्टनेच द्यायचा असतो, तो विसरू नका.

जुळेसोलापूरकर:
राजूभाऊ, बंगला म्हटलं ना. रेरा कुठून आला? डिजिटल सही आहे माझ्याकडे. शेरा नकाशावरच्या शिक्क्यावर आहे.

शेंगाचटणी:
काय ओ हे, ते काय विचारालेत आणि तुम्ही काय सांगालाव! जुळेकर, शिक्क्याचा मजकूर जसाच्या तसा टाका की. नाव झाका पाहिजे तर.

जुळेसोलापूरकर:
घ्या.
'अमुक अँड तमुक असोसिएट्स, आर्किटेक्ट्स, इंजिनिअर्स अँड इंटिरिअर डिझायनर्स'. खाली माझं नाव, सीए नंबर, मग पत्ता.

स्वाती_होटगीरोड:
हा 'तमुक' कोण? आर्किटेक्ट आहे का?

जुळेसोलापूरकर:
मेहुणा. सिव्हिल इंजिनिअर. भागीदारीचं फर्म आहे, रीतसर डीड केलंय. त्याचा इथे काय संबंध?

स्वाती_होटगीरोड:
अहो, सगळा संबंध तिथेच आहे. वास्तुविशारद अधिनियमाचं कलम 37 वाचा. 'आर्किटेक्ट' हे बिरुद फक्त नोंदणीकृत आर्किटेक्टला किंवा आर्किटेक्टांच्या फर्मला वापरता येतं, आणि फर्मचे सगळेच्या सगळे भागीदार नोंदणीकृत असतील तरच ते फर्म नोंदणीकृत धरलं जातं. एक जरी भागीदार इंजिनिअर असला तरी फर्मच्या नावाखाली 'आर्किटेक्ट्स' लिहिता येत नाही. डीड कितीही रीतसर असो. शेरा बहुतेक यावरूनच आलाय, तरी एकदा तोंडी विचारून खात्री करा.

निवृत्त_अभियंता:
हा इंजिनिअरांवर अन्याय आहे. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की इमारतीचं डिझाइन करायला आर्किटेक्टच लागतो असं नाही. अर्धं सोलापूर आम्हीच उभं केलंय.

स्वाती_होटगीरोड:
नोएडाचं प्रकरण ना? पूर्ण सांगा मग. कोर्ट म्हणालं, कलम 37 कामाला मनाई करत नाही, बिरुदाला करतं. म्हणून तर पात्रता नसलेल्यांच्या पदाला 'असोसिएट आर्किटेक्ट' हे नाव देता येणार नाही असंही त्याच निकालात आहे. इथे भांडण शिक्क्यावरच्या शब्दाचं आहे, काका. काम कोण करतं याचं नाही.

निवृत्त_अभियंता:
कागदावरचे कायदे. साइटवर या एकदा.

पूर्वभागकर:
काकांना कोणीतरी चहा पाजा.
जुळेकर, दोन वेगळे शिक्के करा. एक तुमच्या वैयक्तिक नावाचा, आर्किटेक्ट आणि सीए नंबर. दुसरा मेहुण्याचा, त्याच्या पालिकेच्या लायसन्स नंबरसह. एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत कौन्सिलकडे नोंदलेल्या आर्किटेक्टला पालिकेचं वेगळं लायसन्स लागत नाही, इंजिनिअरला लागतं. फर्मचं नाव ठेवायचं तर नुसतं 'असोसिएट्स' ठेवा.

जुळेसोलापूरकर:
हे आधी सांगितलं असतं तर! म्हणजे लेटरहेड पण बदलायचं? गठ्ठा पडलाय छापून. आणि सात रस्त्याजवळच्या ऑफिसचा बोर्ड?

स्वाती_होटगीरोड:
लेटरहेड, बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड, सगळीकडे तेच. बिरुद वापरणं म्हणजे फक्त शिक्का नाही. लेटरहेडचे कोरे कागद कच्च्या स्केचला वापरा.

शेंगाचटणी:
बोर्डावरचा 'आर्किटेक्ट्स' तेवढा मेहुण्याला खोडायला लावा, इंजिनिअर हाय ना.

जुळेसोलापूरकर:
मेहुणा हा धागा वाचतोय. शिक्केवाल्याकडे निघालो. सेल्फ-इंकिंग घेऊ का साधा रबरी?

डिजिटल_राजू:
मी तर म्हणतो शिक्काच नको.

पूर्वभागकर:
साधा. ट्रेसिंग पेपरवर सेल्फ-इंकिंगची शाई पसरते, निदान माझ्याकडच्याची तरी.

भवानीपेठ_७:
आर्किटेक्ट मंडळी जमलीच आहेत तर विचारतो. शेजाऱ्याच्या गच्चीचं पाणी आमच्या भिंतीत मुरतंय. कोणाच्या शिक्क्याची तक्रार चालेल?

स्वाती_होटगीरोड:
तक्रारीला शिक्का लागत नाही. नवीन धागा काढा, भिंतीचा फोटो टाका आणि सामाईक भिंत आहे का तेही लिहा.